सतराव्या प्रश्नाचं उत्तर

“वय काय लिवनार तुमी माझं?” हौसाक्का म्हणाल्या. “मलाच ठावं न्हाई ते.”

“धरणाचं काम सुरू झालं तेव्हा केवढ्या होतात?”

“थोरला पोटात हुता.”

“थोरला आता केवढा आहे?”

“त्यो म्हमईला हाय.”

दारातून त्यांची सून मंदा फिसकन हसली. मी पेन कानाला लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून हिशेब सुरू केला. थोरल्याचं लग्न कधी झालं, त्याची मुलगी कितवीत, असं करत करत आम्ही एकसष्टवर आलो. “एकसष्ट तर एकसष्ट,” हौसाक्का म्हणाल्या. “कमी पडलं तर परत या.”

त्या बुधवारी मी फक्त पाच वयांसाठी पुण्याहून माणदेशात आलो होतो. दोनशे बारा घरांच्या पाहणीत पाच अर्जांवर वयाचा रकाना कोरा राहिला होता. त्याने निष्कर्ष तसूभरही हलणार नव्हता. अहवाल टंकून, बांधून तयार होता आणि शुक्रवारी अकरा वाजता न्यासाच्या बैठकीत तो मांडायचा होता. पण विद्यापीठात संशोधनाला येण्यापूर्वी मी सहा वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काढली होती. तिथे आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या होत्या: रकाना कोरा सोडायचा नाही, आणि माणूस जे बोलला ते जसंच्या तसं लिहायचं, आपल्या शब्दांत नाही. दोन्हींचा मला अभिमान होता.

गावाचं नाव नवं वाघदरे. जुनं वाघदरे बारा वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्याखाली गेलं. घाटातली भात पिकवणारी माणसं इथे माणदेशात, कुसळं उगवणाऱ्या माळावर आणून बसवली. इथे भात होत नाही. म्हणून पुण्यातला एक न्यास दर वर्षी फाल्गुनापासून चार महिने दरमहा घरटी दहा किलो तांदूळ निम्म्या दरात देत असे. हे चालू ठेवायचं का, हा प्रश्न न्यासाने आमच्या मानसशास्त्र विभागाकडे पाठवला, विभागप्रमुख बर्वेबाईंनी तो माझ्याकडे दिला आणि मी त्याचं उत्तर शोधलं होतं.

उत्तर झकास होतं. प्रश्न सतरावा असा होता: ‘महिनाअखेरीला घरातला तांदूळ संपतो, पुरतो की उरतो?’ दोनशे बारांपैकी एकशे चव्वेचाळीस घरांनी सांगितलं होतं की वाढतो. ‘उरतो’ असंही नाही, ‘वाढतो’! मी तो शब्द जसाच्या तसा टिपला आणि तक्त्यात ‘उरतो’च्या रकान्यात घातला. शेकडा अडुसष्ट. त्याच घरांत समाधानाच्या दहा प्रश्नांना मात्र तळातले गुण पडले होते. म्हणजे पोट भरलेलं आणि मन उपाशी. अहवालाला मी नाव दिलं ‘भरली कोठी, रितं मन’. शिफारस अशी की तांदूळ बंद करावा आणि त्या जागी समुपदेशन केंद्र काढावं. बर्वेबाईंनी मसुदा वाचून चष्मा काढला आणि “कुरणे, हे चांगलं झालंय,” एवढंच म्हणाल्या. बाईंच्या तोंडून एवढं ऐकायला लोक पाच पाच वर्षं थांबत. सोमवारी विभागातल्या अधिव्याख्याता पदाची मुलाखत होती. निवड समितीत बाहेरचे सभासद म्हणून न्यासाचे अध्यक्ष प्रधान बसणार होते. एकूण आठवडा माझा होता.

“आता जेवूनच जावा,” हौसाक्का म्हणाल्या. “पाचाबिगर यष्टी न्हाई.” आणि आत वळून, “मंदे, भात टाक गं. पावन्याला नुसत्या भाकरीवर धाडतीस व्हय?”

मंदा आत गेली. डब्याचं झाकण वाजलं. मग ती दारात येऊन उभी राहिली, माझ्याकडे एकदा बघून तिने आवाज खाली घेतला.

“आत्याबाई, तांदूळ वाढल्यात.”

“कवाधरनं?”

“परवाधरनं.”

“मग आदी सांगू नये व्हय? जा, बाळाबाईकडनं वाटीभर घिऊन ये.”

मंदा पदराखाली वाटी घेऊन निघाली. मी तिला उंबऱ्यातच थांबवलं.

“एक मिनिट, वहिनी. तांदूळ वाढलेत म्हणालात ना?”

“व्हय.”

“मग शेजारून कशाला आणायचे?”

सासू-सुनांनी एकमेकींकडे पाहिलं. पाहुण्याचं डोकं ठिकाणावर आहे का, हे घरातल्या घरात ठरवायचं असतं तेव्हा बायका असं बघतात.

“वाढल्यात,” हौसाक्का मला लहान पोराला सांगावं तसं सांगू लागल्या, “म्हून तर आनायच्यात.”

“म्हणजे... संपलेत?”

मंदाने जीभ चावली. हौसाक्कांनी हात वर करून मला गप्प केलं.

“शुभ बोला की वो! भरल्या घरात असा शबूद काढत्यात व्हय? लक्षुमी ऐकत असती. मीठ, तांदूळ, कुक्कू ह्ये वाढतं. हातातली बांगडी पिचली तर काय म्हनता तुमच्यात?”

“फुटली म्हणतो.”

“अरं द्येवा,” हौसाक्का म्हणाल्या. मंदा वाटी घेऊन बाहेर पळाली. हसायला गेली की तांदूळ आणायला, मला कळलं नाही.

मी पिशवीतून अर्जांचा गठ्ठा काढला. उत्तेकर हौसाबाई, घर क्रमांक एकोणचाळीस. प्रश्न सतरावा. माझंच वळणदार अक्षर: ‘वाढतो.’

“आक्का, डिसेंबरात मी विचारलं होतं, तांदूळ महिनाअखेरीला...”

“वाढतो म्हनलं हुतं. त्येव्हा बी वाढत हुता, आता बी वाढतोय. तुमी काय लिवलं?”

“वाढतो असंच लिहिलं.”

“मग बरुबर हाय की.”

“मला वाटलं, जास्त होतो.”

हौसाक्का माझ्याकडे वळल्या. “जास्त हुतो?” त्या म्हणाल्या. “ह्या माळावर? सायेब, तुमी मान खाली घालून लिवत हुता. येकडाव वर बगितलं असतंसा तर माझं त्वांड दिसलं असतं.”

मंदा परत आली. वाटी भरलेली नव्हती, अर्धी होती. बाळाबाईकडेही तांदूळ वाढत आले होते.

भात शिजायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात मी सगळे अर्ज चाळले. एकशे चव्वेचाळीस ‘वाढतो’. त्यांतले किती जण आक्कांच्या अर्थाने बोलले होते आणि किती जण माझ्या, हे कागदावर कुठेच नव्हतं. सगळ्यांचेच तांदूळ संपले असतील असं आता बसल्या जागी धरून चालणं म्हणजे तीच चूक उलट्या बाजूने करणं होतं. पाचला एस.टी. होती. जेवण वगळून हातात साडेतीन तास होते.

“मी आत्ता घरोघरी जाऊन पुन्हा विचारतो,” मी म्हणालो. “संपतो का म्हणून सरळ विचारतो.”

“कोन सांगंल?” हौसाक्कांनी भाताचा गोळा माझ्या ताटात वाढला. त्यांच्या आणि मंदाच्या ताटात भाकरी होती. “तसं इचारू नगा. शेवटचा भात कवा शिजला, ते इचारा. केल्यालं सांगाया कुनाला लाज न्हाई.”

प्रश्नावली तयार करायला मला सात महिने लागले होते. त्यात इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून पुन्हा इंग्रजीत, असं दोनदा भाषांतर झालं होतं आणि तिघा तज्ज्ञांनी ती तपासली होती. त्या तिघांतलं कोणीही मला हा प्रश्न सुचवू शकलं नव्हतं. मी तो हातावरच लिहून घेतला. वही काढायचा धीर नव्हता.

पाचपर्यंत दोन आळ्या झाल्या. ‘वाढतो’ सांगणारी एकतीस घरं भेटली. प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारला आणि या वेळी उत्तर येईपर्यंत मान वर ठेवली. बायका सहज सांगत होत्या. ‘संक्रांतीला.’ ‘माझी लेक आलती तवा.’ ‘पोराला ताप हुता, त्या दिशी पेज केलती.’ अठ्ठावीस घरांत आठ दिवसांहून जास्त काळ भात शिजलेला नव्हता. फक्त तीन घरांत तांदूळ खरोखर शिल्लक होता, आणि त्यातल्या एका घरी मुलगा रेशन दुकानात कामाला होता.

एस.टी.त बसल्यावर मी समाधानाच्या दहा प्रश्नांची पानं उघडली. ज्या घरांत मी ‘भरली कोठी’ लिहिलं होतं, तिथेच गुण तळाला होते. त्यात गूढ असं काहीच उरलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी दहाला मी बर्वेबाईंच्या खोलीत गेलो. त्या शुक्रवारच्या बैठकीची टिपणं काढत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, बातमी सांगावी तसं: काय, कुठे, किती. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर त्यांनी अहवाल उघडून सतराव्या प्रश्नाचा तक्ता काढला आणि त्यावर बोट ठेवलं.

“कुरणे, दैनिकात असताना उद्घाटनांच्या बातम्या केल्यात?”

“शेकड्यांनी.”

“‘अमुक अमुक यांच्या हस्ते नारळ वाढवून कामाचा शुभारंभ करण्यात आला.’ असंच लिहीत होतात ना?”

“हो.”

“नारळ वाढवतात तेव्हा नारळाचं काय होतं?”

हे वाक्य मी निदान चारशे वेळा छापलं असेल.

“तुमच्या घरी कोणी म्हणत नसे?” बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. “आई, आजी?”

“मी दोन वर्षांचा असताना आई गेली. वडील रेल्वेत गार्ड होते. दौंडच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच. डबा खाणावळीतून यायचा.” मग उगाचच आणखी सांगितलं, “आम्ही ‘संपलं’ म्हणायचो.”

बाईंनी खिडकीकडे बघितलं.

“मला माहीत होता तो शब्द,” त्या म्हणाल्या. “आजही माझ्या तोंडी आहे. पण मी अर्ज पाहिले नाहीत, तक्ता पाहिला. तक्त्यात तुम्ही ‘उरतो’ लिहिलंत आणि मला ते आवडलं. पोट भरलं तरी मन उपाशी राहतं, हे मी वीस वर्षं म्हणतेय. त्याला ते सोयीचं होतं.” त्यांनी अहवाल मिटला. “आता काय करायचं म्हणता?”

“उद्या बैठकीत सांगायचं.”

“मी आजारी पडू शकते. बैठक महिनाभर पुढे जाईल. तेवढ्यात तुम्ही फेरपाहणी करा, आपण सुधारित अहवाल देऊ. पहिला कोणी पाहिलेलाच नाही असं नाही, पण वाचलाय कुणी?”

“प्रधानांनी वाचलाय. त्यांचं पत्र आलंय.”

“आणि सोमवारी ते तुमच्या मुलाखतीला आहेत.”

“हो.”

“हे लक्षात घेऊन बोलताय ना?”

“बाई, महिनाभराने फाल्गुन लागेल. तांदूळ मागवायचा की नाही, हे ते उद्याच ठरवणार आहेत. आपण गप्प बसलो तर यंदाचा तांदूळ गेला. आणि पेपरात आम्ही पहिल्या पानावर चुकायचो, दुरुस्ती मात्र सातव्या पानावर तळाला, मुंगीच्या अक्षरात छापायचो. ते मी सहा वर्षं केलंय.”

बाई जरा हसल्या. “म्हणजे पहिलं पान हवंय तुम्हाला.”

“हो.”

“तुमचं नाव अहवालावर माझ्या खाली आहे, कुरणे. लोक वरून वाचत येतात.”

“मग तुम्ही म्हणाल तसं.”

“मी कुठे नाही म्हटलं?” त्यांनी टिपणांचा कागद चुरगळून टोपलीत टाकला. “मुद्दे नव्याने काढा. एका पानात बसवा. विशेषणं नकोत.”

न्यासाच्या कचेरीत शुक्रवारी सातजण होते. अध्यक्ष धनंजय प्रधान पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले अभियंता होते. ताठ, मुद्देसूद, घड्याळ टेबलावर काढून ठेवणारे. अहवालाच्या प्रतीत त्यांनी निळ्या पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या.

“‘भरली कोठी, रितं मन’,” ते म्हणाले. “मिस्टर कुरणे, इतका वाचनीय अहवाल या टेबलावर पूर्वी आलेला नाही. केंद्रासाठी मी जागासुद्धा पाहून ठेवलीय. बोला.”

मी उभा राहिलो आणि पहिलंच वाक्य म्हणालो, “या अहवालाचा मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे. तो माझ्या हातून चुकला आहे.”

मग पानभर मजकूर वाचून दाखवला. चार मिनिटं लागली. ‘वाढतो’ या शब्दापाशी आलो तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या न्यासाच्या चिटणीस मोडकबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पुढचं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

प्रधानांनी पेन्सिल खाली ठेवली. “मराठी माणूस, मराठी वर्तमानपत्रात सहा वर्षं, आणि हा शब्द माहीत नाही?”

“नव्हता.”

“परवा कळला?”

“परवा, दुपारी साडेबाराला.”

कोणीतरी हसलं. प्रधान हसले नाहीत. ते बाईंकडे वळले. “डॉक्टर बर्वे, आपल्या सहीने आलंय हे.”

“हो,” बाई म्हणाल्या. “यांना शब्द माहीत नव्हता. मला माहीत होता आणि मी विचारलं नाही. माझी चूक मोठी धरा.”

“मग आता अहवाल काय सांगतो? दोनशे बारा घरांतली एकतीस तुम्ही पुन्हा पाहिलीत. त्यावरून मी काय ठरवायचं?”

“एवढंच, की तांदूळ बंद करू नका,” मी म्हणालो. “त्याहून जास्त काही सांगण्याइतकं मला आज माहीत नाही. उरलेली घरं मी स्वखर्चाने पाहीन. मनाबद्दल जे लिहिलं ते सध्या मागे घेतो. आधी भात शिजू द्या. मग समाधानाचं विचारू.”

प्रधानांनी घड्याळ उचलून मनगटाला बांधलं. सभा संपल्याची त्यांची ती खूण होती, हे मला नंतर कळलं. “मोडकबाई, यंदाचा तांदूळ नेहमीप्रमाणे मागवा,” ते म्हणाले. “घरटी दहा किलो पुरतो का, तेही यांना बघायला सांगा.” आणि दारापर्यंत गेल्यावर मागे वळून, “सोमवारी भेटू, मिस्टर कुरणे.”

सोमवारी भेटलो. समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदाने विचारलं, “आपल्या संशोधनातून निघालेला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष कोणता?” मी म्हणालो, “निष्कर्ष अजून एकही नाही. प्रश्न एक सापडला आहे.” प्रधानांनी मान खाली घालून काहीतरी टिपून घेतलं. काय, ते मला कधीच कळलं नाही. जागा दुसऱ्याला मिळाली. त्याच्या नावावर तीन निबंध होते आणि एकही मागे घेतलेला नव्हता.

दोन वर्षांनी तसलीच दुसरी जागा मला मिळाली. या पाहणीवर मी लिहिलेला शोधनिबंध पुढे बऱ्याच ठिकाणी वाचला गेला. माणसाला काय वाटतं हे विचारण्याआधी त्याने शेवटचं काय केलं ते विचारा, एवढंच त्यात आहे. आता पाच भाषांत तो प्रश्न वापरतात, आणि प्रत्येक ठिकाणी भाताच्या जागी तिथलं अन्न घालतात. निबंधाच्या पहिल्या तळटीपेत लिहिलं आहे: ‘हा प्रश्न हौसाबाई उत्तेकर, नवं वाघदरे, यांचा आहे.’ ते वाक्य संपादकांनी तीनदा काढलं आणि मी तीनदा घातलं.

पण हे सगळं पुढचं. त्या चैत्रात माझ्याकडे नोकरी नव्हती, पाठ्यवृत्ती जूनमध्ये संपत होती आणि उरलेली एकशे एक्क्याऐंशी घरं बघायला मी पुन्हा वाघदऱ्याला गेलो होतो. पहिलं घर एकोणचाळीस क्रमांकाचंच घेतलं. तिथे विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं, तरी.

हौसाक्का ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. पाच दिवसांपूर्वी न्यासाचा ट्रक येऊन गेला होता.

“या सायेब,” त्या म्हणाल्या. “वय ऱ्हायलं व्हय परत?”

“नाही. या वेळी मान वर ठेवून आलोय.”

“तुमची ती मोठी नोकरी हुती न्हवं? मागल्या खेपंला मंदीला सांगत हुता. सोमवारी हाय, सोमवारी हाय. काय झालं तिचं?”

मी चपला काढल्या आणि ओट्याच्या कडेला बसलो.

“वाढली, आक्का.”

त्यांचा सुपातला हात थांबला. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, अगदी सावकाश. आणि मग इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारून बाळाबाई डोकावली.

“शिकला गं हा!” हौसाक्का तिला म्हणाल्या. पदराने डोळे पुसले आणि सूप उचलून आत हाक मारली.

“मंदे, भात टाक. आन् ह्या डावाला आपल्या तिघांचा टाक.”